कुत्र्याचे पोट बिघडल्यावर घरी काय करावे: कोकणातील घरांसाठी

कुत्र्याला उलटी किंवा जुलाब झाले की घरातली पहिली धाव औषधांच्या डब्याकडे असते. माझ्या मते पहिली धाव अंगणात, परसात आणि आदल्या दिवशी कुत्रा ज्या वाटेने फिरला त्या वाटेवर असायला हवी. किनारपट्टीवरच्या घरातला कुत्रा फक्त ताटलीतले खात नाही. तो कलमाखाली पडलेला आंबा खातो, रापण ओढून झाल्यावर वाळूत टाकलेले मासे चघळतो, खळ्यात वाळत घातलेली सुकट पळवतो आणि शेजारच्या घरी मासे साफ होत असतील तर तिथेही हजर असतो. त्यामुळे त्याने काय खाल्ले आणि केव्हा खाल्ले, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्मे निदान झाले, हे घरी तीन कुत्रे सांभाळताना मला पुन्हा पुन्हा पटले आहे. ही उत्तरे हाती असतील तर पुढचे बरेचसे काम पाणी, पेज आणि थोडा धीर यांनी होते. जिथे ते होणार नाही, तिथे वेळ न दवडता पशुवैद्यांकडे जाता येते.

उलटी आणि शौच नीट पाहावी

घाण दिसताक्षणी बादलीभर पाणी ओतून धुऊन टाकू नये. आधी मोबाईलवर छायाचित्र घ्यावे, काडीने चाळून त्यात काही कठीण, धाग्यासारखे किंवा हलणारे आहे का ते पाहावे आणि मगच जागा साफ करावी. किती वाजता, किती वेळा आणि कशी, एवढ्या तीन गोष्टी एखाद्या वहीत लिहून ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी पशुवैद्य विचारतात तेव्हा घरातली चार माणसे चार वेगळे आकडे सांगतात, असा माझा अनुभव आहे.

पोटाचे स्नायू आवळत, दोन-चार उमाळे येऊन जे बाहेर पडते ती उलटी. खाल्ल्यावर लगेच, काहीही जोर न लावता, न पचलेले अन्न जसेच्या तसे तोंडातून गळून पडले तर तो अन्ननलिकेतून परत आलेला घास असतो. दोहोंची कारणे वेगळी असल्यामुळे हा फरक सांगता आला पाहिजे. पहाटे रिकाम्या पोटी पिवळे, फेसाळ पित्त ओकून तासाभरात नेहमीच्या उत्साहाने जेवण मागणारा कुत्रा बहुधा फार वेळ उपाशी राहिल्याने ओकत असतो. रात्री झोपण्यापूर्वी त्याला दोन घास द्यायला सुरुवात केली की पुष्कळदा हा त्रास थांबतो.

जुलाबांचेही दोन प्रकार ओळखावेत. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी भरपूर आणि पातळ शौच होत असेल, तर बिघाड बहुधा लहान आतड्यात असतो. घडोघडी अंगणात पळावे लागते, कुंथावे लागते, पण पडते थोडेच आणि त्यात आव किंवा ताज्या रक्ताची रेघ दिसते, तेव्हा मोठे आतडे सुजलेले असते. हा दुसरा प्रकार पाहून माणसे अधिक घाबरतात. मात्र कुत्रा हिंडता-फिरता असेल आणि रक्त एखाद्या रेघेपुरतेच असेल, तर तो पहिल्यापेक्षा अधिक धोक्याचा असतोच असे नाही. डांबरासारखी काळी, चिकट शौच मात्र पोटात वरच्या भागात रक्तस्राव होत असल्याची खूण आहे.

यानंतर कुत्र्याकडे पाहावे. वरचा ओठ उचलून हिरडी तपासावी. ती गुलाबी आणि ओलसर असावी. बोटाने दाबल्यावर पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावी. खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडल्यावर ती लगेच जागेवर बसली पाहिजे; ती उभीच राहिली किंवा हिरड्या चिकट लागल्या तर अंगातले पाणी कमी झाले आहे. ताप पाहण्यासाठी साध्या डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला खोबरेल तेल लावून ते गुदद्वारात हलकेच घालावे. निरोगी कुत्र्याचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस, म्हणजे सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते. आपल्या हाताला ते गरमच लागते, म्हणून नाकाला हात लावून ताप ठरवू नये. या सगळ्या गोष्टी कुत्रा धडधाकट असताना एकदोनदा करून पाहाव्यात. त्याची नेहमीची हिरडी कशी दिसते हे ठाऊक नसेल, तर आजारातली फिकट हिरडी ओळखू येत नाही.

घरी थांबू नये अशा वेळा

सहा महिन्यांच्या आतले पिल्लू, म्हातारा कुत्रा, गाभण किंवा पाजती कुत्री आणि मूत्रपिंडाचा, यकृताचा अथवा मधुमेहाचा विकार असलेला कुत्रा यांच्या बाबतीत घरगुती उपचारांचा प्रयोग करू नये. इतर कुत्र्यांना पुढीलपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, पशुवैद्यांना गाठावे: पोटात पाणीही न ठरणे, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा गाळ, रक्ताने भरलेले, कोकमाच्या आगळासारखे लाल जुलाब, पांढऱ्या, पिवळ्या किंवा निळसर हिरड्या, १०४ अंश फॅरेनहाइटच्या वर ताप किंवा ९९ च्या खाली उतरलेले तापमान, थरथर, झटके, तोल जाणे, पोटाला हात लावू न देणे.

मोठ्या अंगाच्या, खोल छातीच्या कुत्र्याला जेवणानंतर कोरड्या ओकाऱ्या येत असतील, बाहेर काहीच पडत नसेल आणि पोट ढोलासारखे फुगत असेल, तर जठराला पीळ पडला असण्याची शक्यता असते. त्यात काही तासांत जीव जातो. यावर कोणताही घरगुती इलाज नाही.

परसात आणि किनाऱ्यावर काय शोधावे

आमच्या बंड्याला एका मे महिन्यात उलट्या सुरू झाल्या तेव्हा आम्ही उन्हाला दोष दिला. उलटी थांबवण्याचे इंजेक्शन देऊन आणले, उलट्या थांबल्या आणि आम्ही निश्चिंत झालो. बंड्या मात्र खात नव्हता आणि दीड दिवसात त्याला एकदाही शौच झाली नव्हती, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. शेवटी घाट चढून कोल्हापूरला नेल्यावर सोनोग्राफीत आतड्यात अडकलेला आंब्याचा बाठा सापडला आणि शस्त्रक्रिया करून तो काढावा लागला. बंड्या वाचला, पण तो दीड दिवस आजही मला टोचतो. म्हणून आंब्याच्या दिवसांत उलटी करणारा कुत्रा दिसला की मी आधी बाठे मोजायला सांगते. खाल्लेल्या आंब्यांचे बाठे उघड्या उकिरड्यावर न टाकता झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि कलमांखालची पडी रोज सकाळी उचलावी. उलट्या, खाणे बंद आणि शौच बंद अशा तीन गोष्टी एकत्र आल्या, तर काहीतरी अडकले आहे असेच धरून चालावे. फणसाच्या आठळ्या, नारळाच्या सोडणांचे तंतू, मटणाची हाडे, गळाची दोरी यांनीही आतडे अडते. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरीचे टोक दिसत असेल तर ते ओढू नये. आत आतडे चिरले जाते.

काजूच्या हंगामात दोन वेगळे त्रास होतात. कच्च्या बीच्या सालीतील तेल दाहक असल्यामुळे बी चावणाऱ्या कुत्र्याचे तोंड भाजते, लाळ गळते. झाडाखाली पडून आंबलेली बोंडे भरपूर खाल्ली तर त्यातील मद्यार्काने त्याला झिंग येते आणि उलट्या होतात.

किनाऱ्यावर मोकळे सोडलेले कुत्रे खारे पाणी पितात आणि घरी येईपर्यंत त्यांना पातळ जुलाब सुरू होतात. यावर उपाय सोपा आहे: फिरायला जाताना गोड्या पाण्याची बाटली आणि एक वाटी बरोबर न्यावी आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी पाजावे. खारवलेले सुके मासे हा त्याच दोषाचा दुसरा अवतार आहे. मूठभर सुकटीने बहुतेक वेळा तहान आणि उलटी यावर भागते, पण टोपलीभर वाळवण फस्त केले असेल तर मिठाची विषबाधा होऊ शकते. अशा वेळी भरपूर पाणी समोर ठेवून पशुवैद्यांना कळवावे. रापणीतून टाकून दिलेल्या मासळीत अंग फुगवणारा, काटेरी केंड असू शकतो. त्यातील विष शिजवूनही जात नाही. ते स्नायू लुळे पाडते आणि शेवटी श्वास थांबवते. किनाऱ्यावरून आलेला कुत्रा लाळ गाळत, मागचे पाय ओढत चालू लागला तर त्याचे पोट बिघडले आहे असे समजून पेज शिजवत बसू नये.

मोहोराच्या दिवसांत, साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, आंब्याच्या बागांत तुडतुड्यांसाठी फवारणी चालते. काही कीटकनाशकांच्या विषबाधेत लाळ, उलटी, जुलाब, आकसलेल्या बाहुल्या आणि अंगाचा थरकाप ही लक्षणे एकत्र येतात. फवारणी झालेल्या बागेत कुत्र्याला सोडू नये. औषध कालवलेली बादली, रिकामे डबे त्याच्या तोंडी लागू देऊ नयेत. उंदरांच्या औषधाचा संशय असेल तर वेष्टन बरोबर न्यावे, कारण त्यांचे प्रकार अनेक आणि प्रत्येकाचा उपचार निराळा. मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याची जुनी पद्धत मात्र कधीही वापरू नये. त्याने दुसरीच विषबाधा होते.

आता स्वयंपाकघर. आपले माशाचे सार म्हणजे कांदा, लसूण, खोबरे आणि मिरची यांचे वाटण. एका किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला तर कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटू लागतात, असे पशुवैद्यकीय साहित्यात नोंदवलेले आहे. १५ किलोच्या कुत्र्याला एका जेवणातल्या सारातून इतका कांदा मिळत नाही हे खरे. पण रोज थोडा थोडा मिळाला तर हा परिणाम साठत जातो आणि तिखट-तेलाने पोट बिघडते ते वेगळेच. गणपतीच्या दिवसांत खिरापतीतील बेदाणे जमिनीवर सांडतात. द्राक्षे आणि बेदाणे यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात आणि कोणत्या कुत्र्याला किती प्रमाण बाधेल हे आधी सांगता येत नाही. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे पदार्थ हेही विषच. मटणाची चरबी, तळलेल्या माशांचे तेल, भरपूर ओले खोबरे यांनी स्वादुपिंडाला सूज येते. सणाच्या दुसऱ्या दिवशी पुढचे पाय पसरून, ढुंगण वर करून बसणारा, ओकणारा कुत्रा पाहिला तर हे कारण आधी आठवावे.

पाणी आणि पेज

वरचे सगळे पाहून झाले, धोक्याची खूण नाही, कुत्रा थोडा मलूल आहे पण हाक मारल्यावर शेपूट हलवतो आहे, अशा वेळी घरीच शुश्रूषा करता येते. साधा बिघाड एक ते तीन दिवसांत सावरतो.

उलटी झाल्यावर दोन तास काही देऊ नये. मग दर अर्ध्या तासाने दोन-तीन चमचे उकळून गार केलेले पाणी द्यावे किंवा बर्फाचा लहान खडा चाटायला द्यावा. भांडेभर पाणी समोर ठेवले तर तहानलेला कुत्रा एका दमात पितो आणि पुन्हा ओकतो. पाणी ठरू लागले की हळूहळू प्रमाण वाढवावे. निरोगी कुत्र्याला दिवसाला एका किलो वजनामागे साधारण ५० ते ६० मिलिलीटर पाणी लागते, म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याला ७५० ते ९०० मिलिलीटर. जुलाबातून जाते ते याहून वेगळे भरून काढावे लागते. माणसांसाठी मिळणारी साधी, बिनस्वादाची ओआरएसची पुडी वेष्टनावर सांगितलेल्या मापातच पाण्यात मिसळून थोडी थोडी देण्यास हरकत नसते. पुडी दाट कालवल्यास फायदा होत नाही, अपाय होतो. शहाळ्याचे पाणी चार-सहा चमचे दिले तर चालते, पण त्यात सोडियम कमी असल्याने ते ओआरएसची जागा घेऊ शकत नाही. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत उतरते.

उपास घालावा की नाही यावर दोन मते ऐकू येतात. उलट्या होत असतील तर मोठ्या, एरवी निरोगी कुत्र्याला सुमारे १२ तास अन्न न देणे मला योग्य वाटते. केवळ जुलाब असतील तर मात्र उपाशी ठेवू नये, कारण आतड्याच्या पेशी आतून जाणाऱ्या अन्नावरच पोसल्या जातात आणि लवकर दिलेल्या हलक्या अन्नाने त्या लवकर सावरतात. पिल्लांना उपास कधीच नको; त्यांच्या रक्तातील साखर झटकन उतरते.

पहिले अन्न म्हणून आपल्याकडची पेज उत्तम. मूठभर तांदूळ भरपूर पाण्यात कणी मोडेपर्यंत शिजवावा. मीठ, हळद, तूप, लोणच्याचा खार यांतले काहीही घालू नये. उकड्या तांदळाची पेज चालते. ती थोडी जास्त वेळ शिजवावी लागते एवढेच. १५ किलोच्या कुत्र्याला पहिल्या वेळी दोन टेबलचमचे द्यावेत, दोन तास थांबावे, पोटात ठरली तर पुन्हा तेवढीच द्यावी. दुसऱ्या दिवसापासून मऊ भात आणि कातडी व हाडे काढून नुसत्या पाण्यात उकडलेले कोंबडीचे मांस द्यावे. अशा कुत्र्याला दिवसभरात शिजलेला भात सुमारे २५० ग्रॅम आणि मांस सुमारे १२० ग्रॅम एवढे पुरते, आणि ते चार ते सहा वेळांत विभागावे. कोंबडी चालत नसेल तर उकडलेले अंडे किंवा काटे काढलेला, कमी तेलाचा मासा घ्यावा. बांगडा आणि तारली हे तेलकट मासे या दिवसांत टाळावेत. उकडून कुस्करलेला लाल भोपळा एक-दोन चमचे मिसळला तर त्यातील तंतूंमुळे शौच बांधून येण्यास मदत होते. दूध नको, बहुतेक मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही. घरचे ताजे दही काहींना चालते, पण आजारात पहिल्यांदाच देऊन पाहू नये.

हे अन्न सुरू केल्यावर एक-दोन दिवस शौचच झाली नाही तर घाबरू नये. कुत्रा खातो-पितो आहे आणि उलटी नाही, तर आतडे रिकामे झाले होते ते भरते आहे एवढाच त्याचा अर्थ. शौच बांधून आल्यावर आणखी दोन दिवस हेच अन्न द्यावे आणि मग नेहमीचे अन्न पाच ते सात दिवसांत चतकोर, निम्मे, पाऊण अशा क्रमाने मिसळत जावे. घाई इथेच होते. कुत्रा भुकेजलेला असतो, घरच्यांना त्याची दया येते आणि चौथ्या दिवशी पोट पुन्हा बिघडते. उलट दिशेची चूकही दिसते: भात-चिकन मानवले म्हणून महिनोन्महिने तेच चालू ठेवले जाते. त्यात कॅल्शियम आणि इतर क्षार पुरेसे नसतात, म्हणून ते आजारापुरतेच ठेवावे.

औषधांबाबत

माणसांची वेदनाशामके, म्हणजे पॅरासिटामोल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, कुत्र्याला स्वतःच्या मनाने कधीही देऊ नयेत. शेवटची दोन जठरात व्रण पाडतात आणि मूत्रपिंडांना इजा करतात. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी संसर्ग असेल तर विष आत कोंडून ठेवते आणि कोलीसारख्या काही जातींच्या कुत्र्यांच्या मेंदूवर परिणाम करते. मेट्रोनिडॅझोलची उरलेली गोळी अर्धी करून देण्याचीही पद्धत घरोघरी आहे. साध्या जुलाबाला प्रतिजैविक लागत नाही. त्याने आतड्यातील उपयुक्त जिवाणू मात्र मरतात आणि पोट सावरायला अधिक वेळ लागतो.

चोवीस तासांत उतार नसेल, किंवा जुलाब बरे होऊन पुन्हा पुन्हा होत असतील, तर ताज्या शौचाचा नमुना स्वच्छ, झाकणाच्या डबीत घेऊन काही तासांच्या आत तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावा. वाटेत तो उन्हात ठेवू नये. जिआर्डियासारखे परजीवी रोजच्या नमुन्यात सापडत नाहीत, म्हणून तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने मागितले तर कंटाळा करू नये.

पावसाळ्याचे चार महिने

जून ते सप्टेंबरमध्ये किनाऱ्यावर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि ओली, उबदार, वाळूमिश्रित माती ही अंकुशकृमींना सर्वांत आवडती जागा. त्यांच्या अळ्या कातडीतूनही शरीरात शिरतात आणि पिल्लांना आईच्या दुधातूनही मिळतात. आतड्याला चिकटून हे कृमी रक्त पितात, म्हणून काळसर जुलाब आणि पांढऱ्या हिरड्या असलेले पिल्लू पाहिले की आधी त्यांचा विचार करावा. पिल्लाला दोन आठवड्यांचे झाल्यापासून आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्याला, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि नंतर दर तीन महिन्यांनी जंतांचे औषध वजनाच्या मापाने द्यावे. अंगणातील विष्ठा रोज उचलावी. त्याच मातीत मुले अनवाणी खेळतात आणि या अळ्या माणसाच्या कातडीतही शिरतात.

पार्वो या विषाणूजन्य रोगाबद्दल थोडक्यात पण ठामपणे सांगते. लस न घेतलेले पिल्लू उलट्या, दुर्गंधीयुक्त रक्ताचे जुलाब आणि गळून पडणे अशा अवस्थेत दिसले तर त्याला सलाईनची गरज आहे, पेजेची नाही. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत पूर्ण करावे. हा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो आणि साध्या फिनेलने मरत नाही. घाण पूर्ण काढून, एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात मिसळून, दहा मिनिटे जमीन ओली ठेवावी लागते.

लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, आपल्याकडे माणसांमुळे सर्वांना ठाऊक आहे. उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून तो कुत्र्यालाही होतो. ताप, उलटी, गडद लघवी, पिवळे डोळे दिसले तर हातमोजे घालूनच त्याची लघवी साफ करावी आणि लगेच दवाखाना गाठावा. वार्षिक लसीत लेप्टोचा समावेश आहे ना हे विचारून घ्यावे. भाताच्या खाचरातले आणि डबक्यातले पाणी कुत्र्याला पिऊ देऊ नये. विहिरीचे पाणी गढूळ झाले असेल तर त्यालाही उकळलेलेच द्यावे.

कोरड्या खाद्याची मोठी पिशवी या दिवसांत स्वस्त पडते म्हणून घेऊ नये. दमट हवेत तिला बुरशी लागते आणि बुरशीची काही विषे यकृत बिघडवतात. महिनाभरात संपेल एवढीच पिशवी घेऊन ती मूळ वेष्टनासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. वास बदललेला पाव, बिस्किटे कुत्र्याला घालू नयेत, टाकून द्यावीत.

पोट मुळातच नाजूक असेल तर

काही कुत्र्यांना दर पंधरा-वीस दिवसांनी काहीतरी होतेच. अशा कुत्र्यासाठी एकच अन्न, ठरलेल्या वेळा आणि घरातील सर्वांचे एकमत या तीन गोष्टी औषधांपेक्षा अधिक काम करतात. तिसरी सर्वांत कठीण आहे. आजी चहाबरोबर बिस्किट देते, मासे विकायला येणारी मावशी प्रेमाने एक मुंडके टाकते, आणि मग दोष अन्नाला लागतो. माझा सल्ला असा की महिनाभर वहीत प्रत्येक घास लिहावा, शेजाऱ्यांनाही विनंती करावी. बऱ्याचदा त्या वहीतच कारण सापडते.

तरीही जुलाब तीन आठवड्यांपेक्षा जास्त चालले, वजन उतरले किंवा बरोबर खाज आणि कानांचा त्रास असेल, तर अन्नाची अ‍ॅलर्जी तपासावी. कुत्र्यांत ती बहुधा गोमांस, दुधाचे पदार्थ, कोंबडी आणि गहू यांची आढळते, म्हणून आपली दूध-चपाती निर्दोष समजू नये. तपासण्याची खात्रीची पद्धत म्हणजे त्याने पूर्वी कधीच न खाल्लेले एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ, एवढेच देऊन पाहणे. पोटाच्या तक्रारी बहुधा दोन-तीन आठवड्यांत कमी होतात, कातडीसाठी आठ आठवडे लागतात. इथे किनाऱ्यावरच्या लोकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नाजूक पोटासाठी म्हणून दुकानात मिळणारे खाद्य पुष्कळदा माशांचे असते, कारण शहरी कुत्र्याला मासा नवा असतो. जन्मापासून मासळीवर वाढलेल्या आपल्या कुत्र्याला तो मुळीच नवा नाही, म्हणून या तपासणीत ते खाद्य निरुपयोगी ठरते. पूर्वी काय काय खाल्ले याची पूर्ण यादी पशुवैद्यांना देऊन त्यांच्याकडूनच अन्न ठरवून घ्यावे.

चाकरमान्यांबरोबर येणारा पाहुणा

मे महिन्यात आणि गणपतीला मुंबईहून गाडीतून येणाऱ्या कुत्र्यांची पोटे पहिल्या तीन दिवसांत हमखास बिघडतात. घाटातली वळणे, बदललेले पाणी, अनोळखी माणसांची वर्दळ आणि चारी बाजूंनी मिळणारे खाऊ, अशी कारणे एकत्र येतात. निघण्यापूर्वी चार-पाच तास जड जेवण देऊ नये, वाटेत दर दोन-तीन तासांनी थांबून थोडे थोडे पाणी द्यावे. त्याचे नेहमीचे खाद्य मुक्कामाच्या दिवसांना पुरून दोन दिवस उरेल एवढे बरोबर आणावे, कारण तेच खाद्य गावच्या बाजारात मिळेलच असे नाही. पहिले दोन दिवस उकळून गार केलेले पाणी द्यावे. परसात सोडताना दोरी धरून सोडावे. इथल्या कुत्र्यांना पायवाटेवरची फुरशी आणि उकिरड्यावरचे काटे थोडेफार ओळखीचे असतात, पाहुण्याला ते ठाऊक नसतात. घरी पोहोचताच जवळच्या पशुवैद्यांचा क्रमांक आणि दवाखान्याची वेळ भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी; ऐन विसर्जनाच्या संध्याकाळी तो शोधत बसण्याची वेळ आमच्याच घरी एकदा आली होती.